वळिवड्याच्या बराकीतील मैत्रिणी

(पन्हाळा येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



पन्हाळगडावर पाऊल ठेवणाऱ्याला पहिल्यांदा वेढ्याची गोष्ट सांगितली जाते. १६६० साली सिद्दी जौहरने या गडाला सुमारे चार महिने वेढा घातला. आषाढातील एका पावसाळी रात्री शिवाजीमहाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद आणि बाजीप्रभू यांनी प्राण दिले. ती गोष्ट सांगावी अशीच आहे. पण याच गडावर अंबरखान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन प्रचंड कोठारे उभी आहेत आणि त्यांत किती खंडी धान्य मावत असे याचा हिशेबही पर्यटकांना ऐकवला जातो. वेढ्याच्या त्या चार महिन्यांत हे धान्य कोणी दळले, कोणी रांधले, जखमींच्या उशाशी कोण बसले आणि परत न आलेल्यांच्या घरी रात्री कोण सोबतीला गेले, याचा हिशेब मात्र कोणत्याही बखरीत नाही. ताराराणीचा वाडा या गडावर आहे आणि तिचे कर्तृत्व इतिहासाला नाकारता आले नाही. परंतु ज्या स्त्रीने तलवार हाती घेतली नाही, तिला युद्धाच्या इतिहासात जागा नाही. युद्धाचा भार तिच्यावर पडतो. नोंद मात्र दुसऱ्याची होते.

ही गोष्ट केवळ सतराव्या शतकाची नाही. गडाच्या पूर्वेला पंचगंगेचे खोरे पसरलेले आहे. त्या खोऱ्यात कोल्हापूर शहर आणि शहराच्या पलीकडे, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत, वळिवडे हे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात या गावाजवळच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत धडधाकट पुरुष थोडे. बहुसंख्य होत्या त्या स्त्रिया, मुले आणि काही वृद्ध. युरोपातून सैबेरिया, सैबेरियातून मध्य आशिया, तेथून इराण आणि इराणातून कराचीमार्गे या ऊसपट्ट्यात आलेल्या या बायका कोण होत्या, त्या कशा तगल्या आणि त्यांच्या तगण्यातून समाजवादी कार्यकर्त्याने काय घ्यावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मध्यरात्रीची थाप

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसल्या. १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून आल्या. २३ ऑगस्टच्या नाझी-सोव्हिएत कराराने देशाची वाटणी आधीच ठरून गेली होती. पूर्व पोलंड सोव्हिएत अमलाखाली गेल्यावर तेथील ‘अविश्वासू’ घटकांची उचलबांगडी सुरू झाली. पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री आली. दारावर थाप पडे, शस्त्रधारी शिपाई आत येत आणि हाताला लागेल ते गाठोडे बांधण्यासाठी थोडा अवधी देत. बाहेर हाडे गोठवणारी थंडी. गुरांच्या वाघिणी, मध्ये एक शेगडी, शौचासाठी तळाला पाडलेले भोक आणि आठवडे न् आठवडे चालणारा प्रवास. एप्रिल १९४० मधील दुसऱ्या लाटेत तर प्रामुख्याने स्त्रिया आणि मुलेच होती. ज्यांचे पती, पिता वा भाऊ आधीच अटकेत वा युद्धकैदेत होते, अशी ही कुटुंबे कझाकस्तानच्या गवताळ माळांवर नेऊन टाकण्यात आली. जून १९४० आणि जून १९४१ मध्ये आणखी दोन लाटा आल्या. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर या चार लाटांतील हद्दपारांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास दिसते. परागंदा पोलिशांचे जुने अंदाज याहून पुष्कळ मोठे होते.

उत्तरेकडील जंगलांत या बायकांनी लाकडे तोडली. कझाकस्तानात सामुदायिक शेतांवर राबल्या. काम केले तर भाकरी, आजारी पडले तर भाकरी कमी, असा हिशेब होता. अंगावरचे चांगले कपडे देऊन त्यांनी बटाटे मिळवले. कित्येकींनी आपली मुले बर्फात पुरली.

जून १९४१ मध्ये हिटलर स्टालिनवर उलटला आणि कालचे कैदी आजचे मित्र ठरले. जुलैतील करारानंतर या लोकांना ‘माफी’ देण्यात आली. कोणत्या गुन्ह्याची माफी, हे कोणीही सांगितले नाही. जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले आणि त्याच्या आश्रयाने देशाबाहेर पडता येईल या आशेने हजारो कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. उझबेकिस्तानात त्यांना टायफसने आणि हगवणीने गाठले. तेथे काही आयांनी एक निर्णय घेतला, ज्याची कल्पनाही करवत नाही. पोलिश अनाथाश्रमातील मुलांना देशाबाहेर नेले जाईल हे कळल्यावर त्यांनी आपली जिवंत असलेली मुले अनाथ म्हणून तेथे सोडली. मूल वाचावे म्हणून आईने स्वतःच्या हयातीत त्याला पोरके केले. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत साधारण एकतृतीयांश नागरिक होते. किनाऱ्यावर त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळण्यात आले, केस कापण्यात आले. सुटका झाल्यावरही कित्येकजण तेथेच मेले.

यातील काही कुटुंबे १९४३ च्या मध्यापासून वळिवड्यास येऊ लागली.

समाजवाद्याने चुकवू नये असा प्रश्न

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या राज्याने या बायकांना वाघिणीत कोंबले, ते राज्य स्वतःला समाजवादी म्हणवत होते. ‘वर्गशत्रू’ या शब्दाच्या आड एका वनरक्षकाची बायको, एका शिक्षिकेची म्हातारी आई आणि पाळण्यातले मूल, सगळी सामावली गेली. एप्रिल १९४३ मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडल्याची बातमी जर्मनांनी जाहीर केली. तो प्रचार खरा असूच शकत नाही, असे जगातल्या अनेक पुरोगाम्यांनी ठरवून टाकले. वस्तुतः १९४० च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. मॉस्कोने ते कबूल केले १३ एप्रिल १९९० रोजी. मधली सत्तेचाळीस वर्षे हा गुन्हा नाझींच्या नावावर खपवण्यात आला.

नाझींचे गुन्हे अगणित आहेत. त्यांच्या नावावर दुसऱ्याचा गुन्हा मांडण्याची गरज नव्हती. पण सत्ता आपल्या बाजूची आहे म्हणून तिच्या बळींकडे पाठ फिरवण्याची सवय चळवळीला लागली, की ती चळवळ समाजवादी राहत नाही. भारतीय समाजवाद्यांतील अनेकांनी स्टालिनशाहीविषयी वेळीच शंका घेतल्या आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या. त्या शंकांचे पुरावे मॉस्कोला जाऊन शोधावे लागत नव्हते. ते वळिवड्याच्या बराकींत, कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेत होते.

त्या बराकींतील काही बायकांचे दुःख आपल्या भाषेत चटकन समजते. १९४० च्या वसंतापर्यंत नवऱ्याची पत्रे आली आणि मग एकाएकी थांबली. बातमी नाही, प्रेत नाही, मृत्यूचा दाखला नाही. सवाष्णही नाही आणि विधवाही नाही, अशी ही अवस्था. तिच्यासाठी सुतक नाही आणि सांत्वनालाही कोणी येत नाही. हे दुःख फक्त तिलाच पुरते कळे, जी शेजारच्या खोलीत तशाच एका पत्राची वाट पाहत बसली होती. मैत्रीची सुरुवात येथे होते.

राजा, राज्य आणि बराकी

वळिवड्याची कथा अलीकडे बरीच सांगितली जाते आणि ती सांगताना कोल्हापूरच्या महाराजांच्या औदार्याचा उल्लेख हटकून होतो. या बाबतीत इतिहास तपासून घ्यावा. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला, त्यात त्यांचा वैयक्तिक पुढाकार निःसंशय होता. कोल्हापूरची स्थिती वेगळी होती. छत्रपती राजाराममहाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि १९४३ साली गादीवर होते ते दोन वर्षेही पुरी न झालेले बालक. कारभार रीजन्सीच्या हाती होता. जागा संस्थानची, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधील परागंदा पोलिश सरकारवर, अशी ही रचना होती. संस्थानने जागा दिली आणि करवीरच्या जनतेने या लोकांना परके मानले नाही, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण ते एका सिंहासनाच्या चरणी वाहून टाकले, की बाकीच्यांचे काम दिसेनासे होते.

१९४३ हे साल आठवावे. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती आणि तेथे महिला आत्मरक्षा समितीच्या स्त्रिया अन्नछत्रे चालवत होत्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. खुद्द कोल्हापुरात भागीरथीबाई तांबट आणि त्यांच्या सहकारी स्त्रीने गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप करून तुरुंग पत्करला होता. ज्या साम्राज्याने या देशाला उपाशी ठेवले, त्याच साम्राज्याने आणलेले पाहुणे म्हणून या गोऱ्या बायकांविषयी जनतेच्या मनात राग येणे अशक्य नव्हते. तसे घडले नाही. येथील माणसाने सत्ताधारी गोरा आणि बेघर गोरा यांतला फरक ओळखला. जगाच्या राजकारणाचे हे शहाणपण त्याला कोणी शिकवले नव्हते.

वसाहत रांगांनी उभारलेल्या कौलारू बराकींची होती. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल. ही बाब किरकोळ वाटेल, परंतु इतकी वर्षे वाघिणीत, तंबूत आणि सामुदायिक बराकीत काढलेल्या बाईला आपली चूल मिळणे म्हणजे काय, हे घर सुटलेल्या बायकांनाच विचारावे. बाजारहाट त्या स्वतः करत. स्थानिक विक्रेते अंडी, भाजी, कापड घेऊन येत आणि व्यवहारापुरती पोलिश बोलत. पोलिश मुले मराठी शब्द उचलत. शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, नाटके होत, मुलामुलींची स्काउट पथके होती. मुंबईतील पोलिश वकिलाच्या पत्नी किरा बानासिन्स्का रेडक्रॉसच्या वतीने निर्वासितांसाठी राबत होत्या. पुढे त्या भारतातच राहिल्या आणि येथेच वारल्या.

मैत्री हे काम आहे

छप्पर, शिधा आणि औषध एखादे राज्य देऊ शकते. पण ज्या बाईने दोन मुले पुरली आणि तिसरे अनाथाश्रमात सोडले, तिने सकाळी उठून केस विंचरावेत, चूल पेटवावी आणि चौथ्याला शाळेत धाडावे, यासाठी लागणारे बळ कोणत्याही सरकारच्या कोठारात नसते. ते कोठून आले?

या स्त्रियांच्या जबान्या उपलब्ध आहेत. रशियातून बाहेर पडलेल्यांचे अनुभव अँडर्स यांच्या सैन्याने १९४२-४३ मध्ये लिहून घेतले आणि ते कागद आज अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे जतन केलेले आहेत. कॅथरिन जोलक या इतिहास-संशोधिकेने त्यांतील स्त्रियांच्या जबान्यांवर ग्रंथ लिहिला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वळिवड्यात बालपण गेलेल्यांनी लंडनमध्ये मंडळ स्थापून पुढे आठवणींचा आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह काढला. अनुराधा भट्टाचार्य यांनी २०१२ मध्ये भारतातील पोलिश निर्वासितांचा इतिहास सिद्ध केला. हद्दपारीच्या या साऱ्या साहित्यातून पुन्हा पुन्हा दिसते ते असे, की एकटी बाई फार काळ तगत नसे. दोघी-तिघी, चौघी-पाचजणी एकत्र आल्या, की तगत. एकीने सगळ्यांची मुले सांभाळायची आणि बाकीच्यांनी कामावर जायचे. एकीच्या बुटांनी दोघींनी आळीपाळीने बाहेर पडायचे. आजारी पडलेलीच्या वाट्याची भाकरी इतरींनी आपल्यातून काढायची. जिला लिहिता येई, तिने लिहिता न येणारीची पत्रे लिहायची.

या मैत्रीत एक गोष्ट समाजवाद्याने विशेष पाहावी. हद्दपारांत लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या बायका होत्या, शिक्षिका होत्या, तशाच शेतकरी घरांतल्या कष्टकरी बायकाही होत्या. गावी या एकमेकींच्या ओसरीवर बसल्या नसत्या. कुऱ्हाड कशी धरावी, ओले लाकूड कसे पेटवावे, कोणता पाला खाऊन जगता येते, हे शेतकरी बाईला ठाऊक होते. अर्ज कसा लिहावा, मुलाला पुस्तकाविना कसे शिकवावे, हे शिक्षिकेला ठाऊक होते. भुकेने उच्चनीचता आपोआप गेली असे मानण्याचे कारण नाही; भूक माणसाला माणसावर उठवतेही. ती कमी झाली, तेथे त्या बायकांनी रोजच्या देवाणघेवाणीतून ती कमी केली.

म्हणून मैत्री या शब्दाचा अर्थ येथे नीट लावावा लागतो. मराठी सुशिक्षित घरांत मैत्री म्हणजे संसारातून उरलेल्या वेळेची चैन समजली जाते आणि बायकांची मैत्री म्हणजे तर कुचाळक्या. वळिवड्याच्या बायकांनी जी मैत्री केली तिच्यात पाळी होती, वाटणी होती, हिशेब होता आणि एकमेकींची माहिती ठेवण्याची जबाबदारी होती. आज कोणाकडे धूर निघाला नाही, कोण चर्चमध्ये दिसली नाही, कोणाला पत्र आले नाही, हे शेजारणीला कळायचे आणि कळल्यावर तिला स्वस्थ बसता येत नसे. दुःख सांगायला तिला शब्द शोधावे लागत नसत, कारण ऐकणारीने तेच भोगलेले असे. किंबहुना पुष्कळदा ते सांगितलेही जात नसे. शेजारी बसून मोजे विणले, एवढ्यानेच काम भागे. ही संघटनाच होती. तिला नाव, घटना आणि झेंडा नव्हता, एवढेच.

तिच्यातून पुढची पिढी उभी राहिली. ज्या मुलांनी उपासमार आणि मृत्यू पाहिला होता, त्यांना वळिवड्याच्या दिवसांची आठवण सुखाची म्हणून राहिली. आयांनी आपले दुःख मुलांच्या अंगावर सांडू दिले नाही, ही त्यांची मोठी कामगिरी. स्वतःसाठी मात्र त्यांना दुसरा प्रहार सोसावा लागला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकले. जुलैमध्ये ब्रिटनने परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली. जेथे परतायचे ते गावच दुसऱ्या देशात गेले. त्यांचे पुरुष ब्रिटनच्या खांद्याला खांदा लावून इटलीत लढले होते, आणि त्याचे हे फळ! १९४८ पर्यंत वसाहत मोडली. कोणी इंग्लंडला गेल्या, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेला, काही पोलंडला परतल्या. काहीजणी येथील तरुणांशी लग्न करून भारतातच राहिल्या. काहीजणी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमच्या विसावल्या.

या मैत्रीच्या मर्यादा

आदरापोटी सत्य झाकू नये. जोलक यांच्या संशोधनातून हेही दिसते, की या जबान्यांत स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी स्त्रिया फारसे बोलत नाहीत. राष्ट्राचा अपमान त्यांना लिहिता येत होता. स्वतःच्या देहाचा अपमान लिहिला, तर स्वतःचीच अब्रू जाणार होती. तसेच रशियन, कझाक, युक्रेनियन आणि यहुदी स्त्रियांविषयी त्यांत कटू आणि तुच्छतेचे शब्दही आहेत. ज्या कझाक बाईच्या झोपडीत आसरा मिळाला, तीही त्याच राजवटीने नागवलेली होती. १९३० च्या दशकातील दुष्काळात कझाक समाजाचा मोठा हिस्सा उपासमारीने मेला होता. दोन दुःखे शेजारी शेजारी राहिली, पण पुष्कळदा एकमेकींना ओळखू शकली नाहीत. आपल्यासारखीशी मैत्री जोडणे सोपे असते. भाषा, धर्म, जात ओलांडून ती जोडणे हे राजकारण आहे आणि ते आपोआप होत नाही.

त्याच बराकी, दुसऱ्या बायका

हाच धागा पुढे न्यावा लागतो, कारण वळिवड्याची कथा १९४८ मध्ये संपत नाही. पोलिश बायका गेल्या आणि त्या बराकींत फाळणीने बेघर केलेली सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. आज ते कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी महाराष्ट्रात सर्वत्र माहीत आहे. सिंध प्रांताची फाळणी झाली नाही. तो सबंध पाकिस्तानात गेला आणि जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर तेथील हिंदूंचे लोंढे सुरू झाले. बंगाली किंवा पंजाबी निर्वासिताला निदान आपल्या प्रांताचा अर्धा तुकडा या बाजूला मिळाला. सिंधी बाईच्या वाट्याला प्रांताचा वीतभरही तुकडा आला नाही. कराचीच्या बंदरातून पोलिश बाई आली होती, त्याच बंदरातून ती आली. त्याच कौलांखाली तिने चूल मांडली. तिच्याही शेजारी कोणीतरी परक्या गावची बाई होती. उल्हासनगरपासून पिंपरीपर्यंतच्या छावण्यांत सिंधी बायकांनी पापड लाटून संसार सावरल्याचे आपण ऐकतो. त्या पापडांच्या पाटाभोवती काय बोलले गेले, कोणी कोणाला धीर दिला, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पोलिश स्त्रियांच्या स्मृतीसाठी कोल्हापुरात स्मारक आहे. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला आणि येथे बालपण घालवलेले वृद्ध पोलिश त्यासाठी आले. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. हे सर्व योग्यच झाले. परंतु त्याच जागी आलेल्या सिंधी स्त्रीच्या नावाचा दगड कोठे आहे? सरकारांना स्मृती हवी असते ती परराष्ट्रसंबंधांना उपयोगी पडणारी. जी स्मृती कोणत्याही करारावर सही करून देत नाही, तिची राखण चळवळीने करायची असते.

आणि पुष्पचक्र वाहणाऱ्यांना काही प्रश्न विचारले पाहिजेत. वळिवड्यात आलेल्या बाईला तिचा धर्म विचारून आत घेतले नव्हते. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने मात्र निर्वासिताच्या धर्मावरून दार उघडायचे की नाही हे ठरवले. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने अद्याप सही केलेली नाही. वळिवड्याचा अभिमान आणि रोहिंग्या स्त्रीला हाकलण्याची घाई या दोन गोष्टी एका मनात कशा नांदतात? पोलंडलाही तोच प्रश्न आहे. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यावर तेथील लाखो स्त्रियांना आणि मुलांना पोलिश घरांनी थारा दिला. तत्पूर्वी २०२१ मध्ये त्याच देशाच्या बेलारूस सीमेवरून पश्चिम आशियातील निर्वासितांना मागे लोटले गेले. आपण स्वतः कधी निर्वासित होतो ही आठवण माणसाला आपोआप उदार करत नाही. ती आठवण राजकारणात उतरवावी लागते.

कार्यकर्त्यांपुढील काम

महाराष्ट्राच्या समाजवादी चळवळीला ही मैत्री अपरिचित नाही. १९७२ च्या महागाईत मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकाच समितीत होत्या. पक्षांचे वाद मिटलेले नव्हते, तरी रॉकेल आणि धान्याच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने त्यांना एकत्र आणले. पुढे आणीबाणीत या स्त्रियांनी तुरुंगही पाहिला. त्या मोर्चांचे बळ भाषणांइतकेच चाळीच्या जिन्यावर, नळावर, एकमेकींची मुले सांभाळण्यात होते. आज पक्षाच्या शाखांची अवस्था काय आहे? सभेला बायका हव्या असतात, निवडणुकीत बायका हव्या असतात. पण नवरा गेल्यावर, पुरात घर वाहून गेल्यावर, घरातून हाकलून दिल्यावर, बाईच्या शेजारी जाऊन बसणारी आपली किती माणसे आहेत? २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच पंचगंगेकाठच्या हजारो बायका निवारा-छावण्यांत होत्या. शिधा पोचला, पंचनामे झाले. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या घरात त्या एकट्या परतल्या, तेव्हा कोण बरोबर गेले, याचा प्रत्येक शाखेने आपल्यापुरता शोध घ्यावा.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक तालुक्यात दहा-पंधरा स्त्रियांची अशी मंडळे उभी करता येतील, जी महिन्यातून दोनदा भेटतील, संकटात सापडलेलीला एकटी सोडणार नाहीत आणि आपल्या जातीबाहेरच्या, धर्माबाहेरच्या निदान काही घरांत नेमाने जातील. शेवटची अट महत्त्वाची; तिच्याविना ते पुन्हा आपापल्या वाड्याचे हळदीकुंकू होईल.

दुसरे काम तातडीचे आहे. १९४८ मध्ये ज्या सिंधी मुली वळिवड्याच्या बराकींत आल्या, त्यांतील ज्या हयात आहेत त्या ऐंशीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी गांधीनगरला जावे, त्यांच्याशी बोलावे, आईने पहिली चूल कशी मांडली आणि शेजारी कोण होती हे लिहून घ्यावे. वळिवडे, चिंचवाड, उचगाव या परिसरातील ज्या वृद्ध माणसांना दोन्ही वस्त्यांच्या गोष्टी ऐकून ठाऊक आहेत, त्यांच्याही आठवणी नोंदवाव्यात. पोलिश स्त्रियांच्या मुलांनी हे काम स्वतः केले, म्हणून आज त्या बायका इतिहासात आहेत.

अंबरखान्याच्या भिंती अजून भक्कम आहेत आणि धान्याचा हिशेब पाठ करून सांगणारे पुष्कळ आहेत. ते धान्य दळणाऱ्या हातांची नावे आता कोणालाही कधी कळणार नाहीत. गांधीनगरच्या म्हाताऱ्या बायका अजून बोलू शकतात. शिबिर संपल्यावर गड उतरून घरी जाण्यापूर्वी त्यांच्या दारात जाऊन बसावे, एवढेच या भाषणाचे सांगणे आहे.